तिशीतल्यांसाठी पन्नास जपानी गाणी

प्रीतम पुन्हा आपल्या तोंडाकडे बघतोय हे शत्रुघ्नच्या लक्षात आलं आणि त्याने बोलणं अर्ध्यावर सोडलं.

“थांबलास का रे?” नूरुद्दीनभाईंनी विचारलं.

“काही नाही. चहा टाकतो.”

शुक्रवारची सकाळ होती, सुट्टीची. कुवेतमधल्या मिरकाब भागातल्या जुन्या बिल्डिंगच्या त्या खोलीत चौघे राहत. रत्नागिरीचे नूरुद्दीनभाई इलेक्ट्रिशियन, सखारामकाका सुतार, लांज्याचा शत्रुघ्न प्लंबर आणि गुहागरकडचा प्रीतम साइटवर ब्रेकरने काँक्रीट फोडणारा. कंपनी एकच, दुखणंही एकच. उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम घ्यायला सरकारची बंदी; तरी सुपरवायझर मुकेश त्यांना भर बाराला स्लॅबवर चढवायचा. नूरुद्दीनभाईंनी मोबाइलवर गुपचूप फोटो काढले होते. ते घेऊन रविवारी सकाळी आठला सगळ्यांनी मिळून कामगार खात्यात जायचं, असं आत्ताच ठरलं होतं.

प्रीतम कोपऱ्यातल्या खाटेवर, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसला होता.

हे खूळ वर्षभराचं. त्याआधी तो सकाळी भजनं लावायचा, त्यांच्यासोबत सूरही लावायचा. मग एक दिवस त्याला इंटरनेटवर कुणीतरी केलेली यादी सापडली: तिशीतल्या श्रोत्यांनी ऐकावीत अशी पन्नास जपानी पॉप गाणी. ती त्याने वहीत उतरवून घेतली, नावं देवनागरीत, जमतील तशी. ऐकून झालं की पुढे एक खूण. आवडलं तर दोन.

“मी चौतीसचा, तू सदतीसचा,” तो शत्रुघ्नला म्हणायचा. “आपल्यासाठीच केलीय बघ ही यादी. अठरावं ऐक. काय ठेका आहे! इथे लागतो.” आणि छातीवर तळवा ठेवायचा.

“एक शब्द तरी कळतो का तुला?”

“कोणालाच कळत नाहीत. तेच बरं.”

शत्रुघ्नला हे उत्तर कधी पटलं नव्हतं. गाण्यात रमलेला माणूस डोळे मिटतो. हा बोलणाऱ्याच्या ओठांवरून नजर काढत नसे.

दुपारी शत्रुघ्न गच्चीवर गेला. कुणाशी आपलं आपलं बोलायचं असलं की सगळे तिथेच जात. सकाळी गावाहून बायकोचा, मालनचा फोन येऊन गेला होता. ऑगस्टमध्ये नक्की येताय ना, हे ती रोज विचारायची. यंदा सगळ्यांच्या रजा अडकल्या होत्या, त्याची तेवढी मंजूर झाली होती.

तो दहा मिनिटं फोनवर बोलला. फोन खिशात टाकून वळला तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, चार हातांवर प्रीतम. मांडीवर वही, कानांवर हेडफोन, नजर त्याच्यावर.

“कधीपासून बसलायस इथे?”

“हो, हो,” प्रीतम हसून म्हणाला.

“माझं बोलणं ऐकत होतास?”

“हो, हो.”

हा माणूस सगळं ऐकतो. ऐकतो आणि गप्प बसतो.

शनिवारी मुकेश साइटवर आला तो थेट नूरुद्दीनभाईंपुढे उभा राहिला. “मोबाइल काढा.” एकेक फोटो त्याने स्वतः पुसला. “उद्या आठला कुठे निघाला होतात?” असंही विचारलं. सखारामकाकांना त्याने जागच्या जागी वाळवंटातल्या साइटवर बदलून टाकलं; सोमवारी हजर व्हायचं.

संध्याकाळी खोलीत कुणी ताटाला हात लावला नाही.

“आपल्यातलाच कोणीतरी आहे,” नूरुद्दीनभाई म्हणाले.

शत्रुघ्नने कोपऱ्यात पाहिलं. हेडफोन लावून बसलेला प्रीतम त्याच्याकडेच बघत होता. आता हा बोलणार, असं शत्रुघ्नला वाटलं. पण प्रीतम उठला, हेडफोन खाटेवर ठेवले आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेला.

शत्रुघ्नने झटकन हेडफोन उचलून कानाला लावले, मग नूरुद्दीनभाईंपुढे धरले.

“यात चार्जिंगच नाही, भाई. गाणंबिणं काही नाही. आपण बोलत होतो तेव्हा हे बंद हेडफोन घालून हा काय ऐकत होता?”

प्रीतम बाहेर आला तेव्हा तिघे दारातच उभे होते. तिघेही एकदम ओरडायला लागले. तो एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“आमचं ऐकून मुकेशला तूच सांगायचास ना?” नूरुद्दीनभाई गरजले.

“हो, हो,” प्रीतम ओशाळं हसत म्हणाला.

सखारामकाकांनी त्याची बॅग जिन्यात नेऊन ठेवली. तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं? अरे, एकेकाने बोला ना!”

वही छातीशी धरून तो जिना उतरला. शत्रुघ्नने कडी घातली आणि तो जेवायला बसला. दोनदा भात घेतला.

आता आपलीच माणसं उरली म्हणताना नूरुद्दीनभाईंनाही धीर आला. “फोटो सगळे गेले नाहीत,” ते हळूच म्हणाले. “आधीच दुसरीकडे पाठवून ठेवलेत. या वेळी दिवस कुणाला कळणार नाही.”

मंगळवारी मुकेशने शत्रुघ्नला साइटवरच्या ऑफिसात बोलावून घेतलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

“प्रीतम काही बोलला का, साहेब?” शत्रुघ्नने आधी तेच विचारलं.

“तो काय बोलणार? कंपनीच्या लेबर कॅम्पात राहायला आलाय; विचारलं एक की सांगतोय भलतंच. म्हणून मेडिकलला पाठवला.” मुकेशने एक कागद त्याच्यापुढे सरकवला. “दोन्ही कान गेलेत, ब्रेकर चालवून चालवून. वर्ष झालं म्हणे. नोकरी जाईल या भीतीने लपवत होता. तू गच्चीवरून मला फोन करत होतास तेव्हा तो मांडीला मांडी लावून बसला असता तरी त्याला ढिम्म कळलं नसतं. उगाच हाकललास बिचाऱ्याला.”

शत्रुघ्नने कागद उचलून वाचला.

“बस,” मुकेश म्हणाला, “आणि आता सांग, नूरुद्दीनने उरलेले फोटो कुणाकडे ठेवलेत?”