शेवटच्याचा टाइम

"शाब्बास, पठ्ठ्या!" सुभेदार ओरडले आणि विघ्नेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पठ्ठ्या म्हणजे उमंग. अकरा जणांत अकरावा. भुईगावच्या किनाऱ्यावर, वाळूत गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, आणि सुभेदार शांताराम चुरी, फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, त्याची पाठ थोपटत होते. का? तर कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी लागले म्हणून!

पहिला विघ्नेश आला होता. रोजच यायचा. सोळाशे मीटर, पाच मिनिटं दहा सेकंद. तेही स्वतःच्या घड्याळात बघायचं, कारण सुभेदारांचं स्टॉपवॉच शेवटचा पोरगा आल्याशिवाय थांबायचंच नाही. सैन्यभरतीच्या तयारीला पोरं घेतली त्याच दिवशी त्यांनी ठणकावलं होतं, "फौजेत तुकडीचा टाइम म्हणजे शेवटच्या जवानाचा टाइम. पावणेसहा मिनिटांच्या आत सगळे. पहिला कोण आला, ते घरी जाऊन आईला सांगा."

गिरीज गावच्या शाळेत सुभेदार छातीवर पदकं लावून झेंडावंदनाला यायचे, तेव्हापासून विघ्नेशला त्या तोंडून एक शाब्बास हवी होती. आणि ती मिळत कोणाला होती? एव्हरशाईन सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरून लिफ्टने उतरणाऱ्या या गोळ्याला! विघ्नेश जळत होता. जेवताना जळत होता, केळींना पाणी सोडताना जळत होता. भरतीला आठवडा उरला होता आणि उमंग पाच बावन्नवर अडला होता. अडू दे मेला, असंच त्याला वाटायचं.

तयारीच्या चोविसाव्या दिवशी त्याने ठरवलं. शाबासकी शेवटच्यालाच मिळते ना? मग आपणच शेवटी यायचं!

शिट्टी झाली. विघ्नेशने पाय आखडते घेतले. एकेक करत सगळे पुढे गेले. उमंगही गेला. विघ्नेश त्याच्या मागे लागला, अगदी दोन हातांवर. फार मागे पडलं तर सुभेदारांना संशय आला असता.

आजवर उमंगच्या मागे कधी कुणाची पावलं वाजली नव्हती. त्याने वळून बघितलं. "आईशप्पथ! आज मी शेवटचा नाही?"

आणि पोरगा जो सुटला! शेवटच्या नंबरातून एकदाची सुटका दिसली होती, ती तो हातची जाऊ देणार होता थोडीच? विघ्नेशलासुद्धा मागे राहायला नेटाने पळावं लागलं.

पाच एक्केचाळीसला उमंग आला. बेचाळीसला विघ्नेश. स्टॉपवॉच थांबलं. पोरांनी उमंगला उचलून धरलं. तो खाली उतरला तो थेट विघ्नेशच्या गळ्यात पडला, डोळे पुसत म्हणाला, "भावा, माझ्यासाठी मागे थांबलास तू."

सुभेदारांनी विघ्नेशच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास, विघ्नेश."

इतके दिवस हवा होता तो शब्द मिळाला आणि त्याला मान वर करवेना. उमंग पाणी प्यायला गेल्यावर तो कसाबसा म्हणाला, "साहेब, मी त्याच्यासाठी नव्हतो थांबलो. मला फक्त तुमची शाबासकी हवी होती."

"ठाऊक आहे," सुभेदार म्हणाले. "म्हणून तर तेवीस दिवस दिली नाही."