कोऱ्या चेहऱ्याने

डॉक्टरीणबाईंनी भिंग बाजूला ठेवलं. "हे पुरळ वर्षानुवर्षांच्या थराने उठलंय. आता काही महिने तोंडाला काहीही लावायचं नाही. क्रीम नाही, पावडर नाही, काही म्हणजे काही नाही."

"निदान दुकानात जाताना?" मनूने विचारलं.

"दुकानात जाताना गाल बदलून जाता का?"

मनू चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकासमोर हातभर अंतरावर बसायचं, फ्रेम नाकावर बसवायची, काडी कानामागे वाकवून द्यायची, आरसा पुढे धरायचा. दिवसभर चेहऱ्यांशीच गाठ. आणि तिच्या स्वतःच्या उजव्या गालावर जन्मापासून तपकिरी डाग होता, कानापासून पार ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. तो दुकानात कोणी पाहिलेला नव्हता. नवऱ्यालासुद्धा दिसला तो लग्न ठरल्यानंतर.

ही सगळी आईची करामत. मनूचे बाबा लवकर गेले. आई शाळेत शिकवायची. रोज सकाळी, शाळेत निघण्याआधी, ती मनूला खिडकीशी स्टुलावर बसवून गाल रंगवायची. कुठली छटा कुठे, कुठल्या बोटाने किती दाबायचं, घाम आला तर काय करायचं, आईला सगळं तोंडपाठ. तिला टापटिपीची हौसच तेवढी होती. मनूला ताप आला आणि आई रात्रभर उशाशी बसली, तरी मनूने डोळे उघडावेत तर आई नीटनेटकी, जणू आत्ता लग्नाला निघालीय.

एकदाच, लहानपणी, दारात पाहुणे आले म्हणून मनू तशीच धावत बाहेर गेली होती. आईने तिला दंडाला धरून आत ओढलं आणि एक थोबाडीत दिली. आईने तिच्यावर उगारलेला तो एकमेव हात. मनू तो विसरली नव्हती. आपल्या आईला आपली लाज वाटते, हे तिला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यातून आल्यावर मनूने दोन दिवस रजा काढली. तिसऱ्या दिवशी मालकांचाच फोन आला. तिने चाचरत सगळं सांगितलं.

"डाग?" मालक म्हणाले. "मला वाटलं पाय मोडला. या मुकाट्याने. आपण चष्मे विकतो, गाल नाही."

ती गेली. पहिलं गिऱ्हाईक एक वयस्कर सर होते. त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मनूचे कान तापले.

"भाजलं काय गं?"

"नाही सर. जन्मापासून आहे."

"असं होय. बरं, ती खालची ओळ मला अजिबात दिसत नाही बघ."

इतकंच. मनू घरी येऊन रडली आणि मग हसत सुटली. एवढ्यासाठी सारा जन्म जीव मुठीत धरला होता.

सगळे दिवस असे सोपे नव्हते. एका बाईंनी तिच्या हातून फ्रेम लावून घ्यायलाच नकार दिला. "लागण होत नाही ना?" असं एकाने विचारलं. पण एका दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा मनूने दुकानाच्या मागच्या नळावर ओंजळ भरली आणि तोंडावर सपकन मारली. पाणी गळ्यापर्यंत ओघळलं. भर दिवसा, घराबाहेर, कळत्या वयात पहिल्यांदा. त्यानंतर ती रोज तोंड धुऊ लागली, उगीचच.

पुरळ गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हवं तर हलकं काही लावा."

"नको," मनू म्हणाली.

राहिली आई. इतके महिने मनू फोनवरच भागवत होती. आज काम, उद्या सर्दी. पण आई शाळेतून निवृत्त झाली आणि तिच्याबरोबरच्या शिक्षिका घरी चहाला येणार होत्या. "जरा लवकर ये," आईने फोनवर सांगितलं, "आणि नीट तयार होऊन ये."

मनू लवकर गेली. आईने दार उघडलं. साडीला कडक इस्त्री, चेहरा नेहमीसारखा रेखीव. मनूला पाहताच तिने आधी जिन्याकडे नजर टाकली.

"आत ये. अजून वेळ आहे, मी करून देते."

"नको आई. मी आता अशीच असते."

"दुकानातसुद्धा?"

"दुकानातसुद्धा."

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. "लोक काही म्हणत नाहीत?"

"विचारतात एखाद-दोघं. मग आपला नंबर तपासून घेतात."

"आणि तुला काही वाटत नाही?"

"आधी मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. मग सवय झाली."

"सवय होते?" आईने विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

मनूने मनाशी घोकून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तुला माझी लाज वाटायची, आई. मला थोबाडीत मारलीस तू. मी काय केलं होतं गं?"

"तुझी लाज?" आई म्हणाली. ती उठली, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. नळ सुरू झाला.

मनू बाहेर उभी राहिली. आजच्या दिवशी आईला रडवलं, आता पाहुण्यांसमोर काय सांगायचं? नळ बराच वेळ वाहत होता. तेवढ्यात घंटी वाजली. जिन्यात बायकांचा हसण्याचा आवाज.

"आई, तुझ्या शाळेतल्या आल्या. थांबवू का जरा?"

नळ बंद झाला.

"नको. दार उघड."

मनूने दार उघडलं. बायका फुलं घेऊन आत आल्या आणि बोलता बोलता गप्प झाल्या, म्हणून मनूने मागे वळून पाहिलं. आई टॉवेलने मान टिपत येत होती. तिच्या डाव्या गालावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तपकिरी डाग होता; मनूच्या डागाहून दुप्पट मोठा.