उंबऱ्यावरची बाटली

"आधी हात!" वैजयंताबाई कडाडल्या.

विहीण शेवंती, सुनेची आई, उंबऱ्यातच थांबली. भाईंदरच्या बाजारात मासळीची पाटी रिकामी करून ती नातवाला बघायला धावत आली होती. "धुतले बाय, साबणानं घासून धुतले," ती म्हणाली.

"साबणाने वास जातो. जंतू जात नाहीत." वैजयंताबाईंनी दाराशी ठेवलेली औषधाची बाटली पुढे सरकवली. शेवंतीने मुकाट्याने हात चोळले. काट्यांनी चिरलेल्या बोटांना औषध झोंबलं. तरी बाळ काही मिळालं नाहीच. "झोपलाय," असं तिला सांगण्यात आलं. झोपलेला लोकेश पाळण्यात टक्क डोळे उघडून पाय झाडत होता.

पूनम सागर सोसायटीतल्या त्या दोन खोल्यांत वैजयंताबाईंचं राज्य होतं. बाई शिकलेल्या दोन यत्ता, पण स्वच्छतेत कलेक्टरचंही ऐकायच्या नाहीत. फरशी अशी, की तीत बघून वेणी घालावी. बुद्धाच्या तसबिरीवर धुळीचा कण दिसला, तर सून पायलची खैर नसे. नातवाची आंघोळ सकाळ-संध्याकाळ, तीही औषधाच्या पाण्याने. शेजारच्या हंसाबेनला हुकूम होता, की खेळवायचं तर लांबूनच टाळ्या वाजवायच्या. "आमच्या पोराला कुणी घाणेरडं म्हणता कामा नये," असं बाईंचं पालुपद.

आणि त्याच पोराच्या मानेवर, काखेत पिवळ्या पुळ्या उठल्या. पोर दिवसभर किरकिरू लागलं. वैजयंताबाईंचा जीव कासावीस झाला, त्यामुळे जीभ आणखी तिखट झाली.

"कुणाचा तरी हात लागलाय," त्यांनी नया नगरच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. 'कुणाचा' म्हणताना नजर पायलवर होती.

डॉक्टरीणबाईंनी पुळ्या तपासल्या, मलम लिहून दिलं. आंघोळ कशाने घालता, विचारलं. ऐकून त्यांना हसूच आलं. "आजी, जंतूंतही भले असतात. ते आपल्या कातडीवर जन्मापासून राहतात, जागा धरून बसतात. वाईटाला पाय ठेवू देत नाहीत. तुम्ही त्यांनाच रोज धुऊन काढलंत."

वैजयंताबाईंनी पोराच्या मानेवरच्या पुळ्या पुन्हा निरखल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जुने भाडेकरू मी हाकलले, आणि रिकाम्या खोलीत गुंड शिरले?"

"अगदी! आता साधं पाणी, थोडा साबण. आणि पुळ्या बसल्या की चार माणसांच्या मांडीवर खेळू द्या त्याला. भले जंतू माणसाकडूनच माणसाकडे येतात."

पुळ्या बसल्या. बाटली दारातून उठून संडासात गेली. पण कुणाला बोलावून "घ्या याला" म्हणणं बाईंच्या तोंडून काही निघेना. आपलंच चुकलं, हे कुणी सांगायचं?

रविवारी शेवंती आली. बाटली घ्यायला ती सवयीने दाराशी वाकली, तर बाटली नाही. काय करावं, तिला कळेना. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भिऊ नका विहीणबाय. मी शिवत न्हाय पोराला. लांबूनच बघतंय."

वैजयंताबाईंच्या हातातलं फडकं गळून पडलं. त्या तिच्या बांधलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग तरातरा पाळण्याशी गेल्या, लोकेशला उचललं आणि उंबरा ओलांडून थेट शेवंतीच्या छातीशी दिलं. पोराने आल्या आल्या तिच्या केसांतलं फूल ओढून तोंडात घातलं.

"अवो, मासळीचा वास लागंल त्याला!" शेवंती हसत, घाबरत म्हणाली.

"लागू द्या!" वैजयंताबाईंनी नाक जोरात ओढलं. "असे हात मागे बांधून गावच्या पाटलाच्या अंगणाबाहेर माझी आई उभी राहायची. माझ्या दारात जंतू चालतील विहीणबाई, हे नाही चालायचं."