आखूड वेणी

माझ्या कापडी बाहुल्यांची डावी वेणी आखूड असते. पहिल्या बाहुलीला लोकर पुरली नव्हती आणि गिऱ्हाइकांना नेमकी तीच आवडली. नणंद वर्षभर माझ्याकडे शिकली आणि काल तिनं बरोब्बर समोर दुकान थाटलं. काचेआड बाहुल्यांची रांग, झाडून सगळ्यांची डावी वेणी आखूड!

"अगं, निदान वेणी तरी तुझ्या मनाची घालायचीस!" मी कडाडले.

"वेणी काय माहेरून आणली होतीस, वहिनी?"

वर तिची कोरी करकरीत पाटी : 'आमची कुठेही शाखा नाही.'

सासूबाई म्हणाल्या, "घरातलं भांडण चव्हाट्यावर नको."

नाहीच भांडले. ब्रश घेतला आणि माझ्या दारावर ठळक रंगवलं : 'आमची शाखा समोर. शिकाऊ हातांचा माल तिथे मिळेल.'