आजीच्या घरी किती?

शिकल्यासवरल्या बाईला एवढीही अक्कल नसावी, असं गोजाबाई धर्मशाळेच्या पायऱ्या चढता चढता मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं, पण तिचं काही अडलं नाही. पुण्याहून आलेल्या त्या शालनबाईनं काल भर बालवाडीत तिच्या नातीचं, हौसाचं, हसं केलं होतं. पोरीचा गुन्हा काय, तर चिंचोके मोजताना ती "लाभ, दोन, तीन" म्हणाली. मग दुसरं काय म्हणणार? खळ्यावर धान्य मोजायचं तर पहिलं माप लाभाचं, हे चाकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गोजाबाईच्या दारात आजवर कोणी "एक" म्हणून राशीत माप घातलं नव्हतं. आणि ही कालची पोरगी सांगणार, लाभ नाही, एक म्हण!

बालवाडी कोपऱ्यातल्या खोलीत भरायची. दार उघडंच होतं. गोजाबाईनं पदर खोचला, तोंड उघडलं, तेवढ्यात आत शालनबाईंचा आवाज आला.

"आपापल्या घरातली माणसं मांडा बघू. एका माणसाला एक चिंचोका. मग दोन घरांच्या जोड्या लावायच्या. ज्याचे उरतील, त्याच्याकडं जास्त."

"बाई, आमाला पुरंनात, आनखी द्या," शिंप्याचा नवाब ओरडला.

"कोंबड्या नाही मांडायच्या, नवाब."

"मग बकरी?"

"बकरीही नाही."

नवाबनं नाराजीनं बकरी उचलून घेतली. गोजाबाईला हसू येत होतं, ते तिनं दाबलं. आपली कशी मांडते ते आधी बघावं, भांडण कुठं पळून जात नाही.

हौसानं दोन रांगा मांडल्या होत्या. शालनबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "दोन घरं का गं?"

"ह्ये आईचं. पिंपरीला, कंपनीच्या खोलीत." हौसानं बोट ठेवत सांगितलं, "आई, बा, बाळ. आन ह्ये आजीचं. आजी आन मी." स्वतःसाठी तिनं सगळ्यांत बारका चिंचोका निवडला होता.

भिमाजी, गोजाबाईचा लेक, पिंपरीच्या कारखान्यात लागला होता. बायकोच्या बाळंतपणापुरती म्हणून तो पोरीला आईपाशी सोडून गेला. ते बाळ आता रांगायला लागलं. भिमाजी न्यायला यायचा आणि गोजाबाई त्याला उंबऱ्यावरूनच लावून द्यायची. "माझ्याबिगर ऱ्हात न्हाई ती. जायाचं नावच काढत न्हाई, त्याला मी काय करू?" आळीतही ती हेच सांगायची, तेही जरा मान वर करून. पोरीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"लाव जोड्या," शालनबाई म्हणाल्या. "कुठं जास्त?"

हौसानं जोड्या लावल्या. "आईकडं."

"शाब्बास. आणि कमी?"

आजीच्या रांगेतला तो बारका चिंचोका हौसानं उचलला, थोडा वेळ मुठीत धरला आणि पिंपरीच्या रांगेत नेऊन ठेवला. आईच्या आणि बाळाच्या मधोमध, अगदी खेटून. बोटानं नीट केला. आणि हसली.

असं हसताना गोजाबाईनं तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. घरी ती फार शहाण्यासारखी राहायची. सांगितलं ते खायची, निजवलं की निजायची. आपल्या वळणाची पोर म्हणून गोजाबाईला त्याचं कोण कौतुक!

"आणि आता आजीच्या घरी किती?" शालनबाईंनी विचारलं. त्या बिचारीला काय माहीत.

हौसानं उरलेल्या चिंचोक्याकडं पाहिलं. जरा अडखळली. मग कालचं आठवून खणखणीत म्हणाली, "एक!"

पोरांनी टाळ्या पिटल्या.

गोजाबाईनं दाराची चौकट धरली. तेवढ्यात हौसाचं लक्ष दाराकडं गेलं आणि पोरीचा चेहरा उतरला. घाईघाईनं तिनं बारका चिंचोका पिंपरीच्या रांगेतून ओढून काढला आणि आजीच्या चिंचोक्याशेजारी आणून ठेवला.

"दोन हायेत, आजी. दोनच हायेत."

गोजाबाई आत आली. गुडघ्यावर हात टेकत पोरीजवळ बसली. तो चिंचोका उचलायला तिला जरा वेळ लागला. उचलला, आणि होता तिथं, आई आणि बाळाच्या मधे ठेवला. हौसानं केला होता तसाच बोटानं नीट केला.

"ऱ्हाऊ दे तिथं. बरोबर मांडलं व्हतंस."

मग ती उठली, हौसाचा हात धरला आणि शालनबाईंना म्हणाली, "उद्यापासनं ही यायची न्हाई. सकाळच्या एसटीनं आईकडं पोचवून येते."

शालनबाई गडबडून उभ्या राहिल्या. "आजी, कालचं मनाला लागलं का तुमच्या? लाभ म्हणू दे तिला, मी नाही म्हणणार नाही. पण बालवाडी सोडवू नका. हुशार आहे हो पोर."

गोजाबाई दारापर्यंत गेली आणि वळली.

"शिकवायला तुमी चांगल्या हाय, बाई. त्यात खोट न्हाई. पर म्हातारं मानूस दारात उभं असलं, तर आदी दार लावून घेत जावा."