तालमीची मॅडम

मागच्या दाराचं कुलूप सकाळीच निघालं, तेव्हा दुर्गेश्वरीच्या लक्षात आलं की आज कोणीतरी येणार. मुर्रीजवळच्या त्या शिलाई कारखान्यात ते दार एरवी कधी उघडं नसायचं. बाया कपडे चोरतात म्हणे!

सुपरवायझर तिलक मशिनींमधून फिरत ओरडला, "आज नुसती तालीम आहे. तपासणीची असली मॅडम उद्या येऊन राहिली. जवाब पाठ आहेत ना?"

मागच्या खेपेला तालीम आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात शेजारच्या मशीनवरची रविता फसली. त्याआधी एकदा इस्त्रीच्या खोलीत धूर झाला, बाया मागच्या दाराकडे धावल्या, दाराला कुलूप, आणि त्या चेंगराचेंगरीत बिचारीचा हात मोडला होता. मालकानं धाडलेल्या बाईला खरी मॅडम समजून तिनं सगळं ओकून टाकलं. संध्याकाळीच तिला घरी बसवलं.

दुर्गेश्वरी तशी फसणारी नव्हती. उद्या खऱ्या मॅडमला सगळं सांगायचं, नोकरी गेली तर गेली, हे तिनं पक्कं केलं होतं.

दुपारी मॅडम आली. मालकाचा चहासुद्धा तिनं घेतला नाही. दुर्गेश्वरीला एकटीला आत बोलावलं आणि तिलकला बाहेर काढलं.

"घाबरू नका, ताई. मागचं दार रोज उघडं असतं?"

"असते ना, मॅडम."

"आणि मध्ये धूर झाला होता, त्याचं काय?"

रविताचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तरी दुर्गेश्वरी हसली.

"कायचा धूर? इथं तसं काहीच नाई झालं."

मॅडमनं आवाज खाली आणून पुन्हा विचारलं. मग आपला नंबर चिठ्ठीवर लिहून पुढे केला. नाटक तर झकास वठवते बया, दुर्गेश्वरी मनात म्हणाली.

"राहू द्या जी. मले कायले पायजे नंबर?"

मॅडम हिरमुसली. चिठ्ठी पर्समध्ये टाकून उठली.

तिची गाडी कुडव्याकडे गेली तसं दुर्गेश्वरीला हायसं वाटलं. उद्या कुठून सुरुवात करायची, हे जुळवत ती मशीनवर बसली. रविताला परत घेतील, या विचारानं तिला बरंही वाटलं.

मागे खट्कन आवाज झाला. तिलक दाराला कुलूप घालत होता.

"भाऊ, काऊन लावून राहिले? उद्या मॅडम येणार ना?"

तिलकनं किल्ली खिशात टाकली.

"कोणती मॅडम? आत्ताच तं गेली."