शून्य वयाच्या आजी

“कुणाला पटणार नाही साहेब, पण प्रोग्राम आपोआप सुधारला,” जुन्या कारकुनानं चौकशी समितीला छातीठोकपणे सांगितलं. वर पुस्तीही जोडली, की भर दुपारी स्क्रीन जरा खाकरला, लाजला आणि सरळ वागू लागला.

पेन्शन कचेरीतल्या त्या प्रोग्रामात वयाला दोनच आकड्यांची जागा होती. माणसानं शंभरी गाठली की यंत्र त्याचं वय शून्य धरी आणि अजून जन्मच झाला नाही म्हणून पेन्शन बंद करी. नुकतीच शंभरी गाठलेल्या एका आजींचं तसंच झालं. ठेकेदार कंपनीला कळवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, दुरुस्तीला नऊ महिने लागतील. जन्माला यायला तेवढे लागतातच, तेव्हा तक्रार तरी कशी करायची?

पण तोवर आजींनी खायचं काय? कारकुनानं गुपचूप एक ओळ बदलली. आजी जन्मल्या. पेन्शन सुरू झालेली पाहून साहेब दचकले आणि चौकशी बसली. करारात स्पष्ट होतं, प्रोग्रामला हात लावायचा तो ठेकेदारानंच. कर्मचाऱ्यानं लावला तर त्याची नोकरी जाणार, पेन्शनसकट. कारकुनाच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

समिती त्याचं म्हणणं लिहून घेऊ लागली. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस टाय सावरत उठला. आपोआप कसं सुधारेल, म्हणाला. आमच्या बारा इंजिनियरांनी तीन महिने रक्ताचं पाणी केलंय, फक्त गाजावाजा केला नाही. साहेबांना गहिवरून आलं. ठेका पाच वर्षं वाढवायचा कागद लगोलग पुढे आला. कारकुनाला तर आयतीच पळवाट मिळाली. त्यानं मान डोलावली आणि न पाहिलेल्या बाराही जणांचे मनापासून आभार मानले.

आजींना पुरावा म्हणून कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवलं होतं. साहेबांनी सहीसाठी पेन उचललं, तशा त्या काठी टेकत उठल्या.

“खोटं बोलतोय मेला,” त्या टायवाल्याकडे काठी रोखून म्हणाल्या. मग कारकुनाच्या पांढऱ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला. “ह्या माझ्या लेकरानं केलं सगळं, माझ्या डोळ्यांदेखत, दहा मिनिटांत. लिहून घ्या साहेब त्याचं नाव, चांगलं ठळक अक्षरात.”